खोलीचं सामान

लातूरच्या स्टँडवर उतरताना गर्दीचा लोंढा मध्ये आला, रामकिशन चार पावलं पुढं गेला आणि तिथून वळून त्यानं हाक मारली, "पंचशीला." तिनं आधी इकडंतिकडं बघितलं, आपल्याच नावाची दुसरी कोण बाई या गर्दीत आहे म्हणून. मग तिच्या ध्यानात आलं, की हाक आपल्यालाच आहे. लग्नाला चार वर्षं होत आली, पण त्यानं तिचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. घरात नुसतं "ऐकलं का" असायचं, मायसमोर तर तेही नाही, एक खाकरणं पुरायचं; आणि अंधारात बोलायचं तर नाव लागतच नाही. हे नाव तिच्या बापानं कुठल्याशा सभेवरून येताना आणलं होतं. आयाबायांना ते कधी धड म्हणता आलं नाही. त्या पंची म्हणाल्या, शाळेतल्या गुरुजींनी पाटीवर दोनदा चुकवलं, आणि सासरी आल्यावर ते लग्नाच्या पत्रिकेतच राहून गेलं. आता ते या माणसानं सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं, कचेरीत पुकारा करावा तसं, स्पष्ट म्हटलं होतं. पाठीवर कुणी अचानक ओला हात ठेवावा तसं तिला झालं. ती भरभर त्याच्याजवळ गेली.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काई न्हाई."

काही नाही कसं. तिला वाटत होतं, यानं पुन्हा पुढं जावं, पुन्हा गर्दी मध्ये यावी.

रामकिशन नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होता. जिल्हा होऊन तिसरा उन्हाळा चालला होता आणि तिन्ही उन्हाळे कोरडे. आठवडाभर तो दोघा सोबत्यांबरोबर एका खोलीत राहायचा, खानावळीत जेवायचा आणि शनिवारच्या शेवटच्या बसनं निलंग्याकडच्या त्याच्या गावी यायचा. गावात त्याची माय सरजाबाई आणि पंचशीला, दोघीच. लिंबाजी, त्याचा बाप, केव्हाच गेला होता. मग सोबत्यांपैकी एकाची नांदेडला बदली झाली, दुसऱ्याचं लग्न झालं आणि रामकिशननं खोरी गल्लीत एकट्याच्या नावावर खोली घेतली. परवा तो दोन दिवसांची रजा काढून मध्येच गावी आला आणि रात्री जेवताना मायला म्हणाला, "खोलीचं सामान घ्यायचंय. भांडीकुंडी मला काय कळतंय. हिला नेतो दोन दिवस." सरजाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, दुसऱ्या बाजूनं पूर्ण भाजून घेतली आणि मग म्हणाली, "हाव. ने." निघताना तिनं धडप्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला. हॉटेलात खाऊ नका म्हणाली, पोट बिघडतं. खोली त्याच्या एकट्याची की दोघांची, हे पंचशीलानं त्याला विचारलंच नव्हतं. औश्यापर्यंतच्या रस्त्यात, दोन्ही अंगांनी भेगाळलेली रानं मागं पळत असताना, तो प्रश्न तिनं खडीसाखरेसारखा तोंडात धरून ठेवला होता. चावला तर संपेल. त्यापेक्षा असा गालात ठेवावा, पाझरू द्यावा.

भाकरीचं गाठोडं पिशवीत तसंच राहिलं आणि दोघं हॉटेलात शिरली. 'फॅमिली रूम' लिहिलेल्या दाराला पडदा होता. आत शिरून बाकड्यावर बसल्यावर तिला आठवलं, आपले वडील, आबा, निलंग्याला बाजारला जायचे तेव्हा हॉटेलात शिरायचे नाहीत. बाहेर उभे राहून चहा प्यायचे. पुढं पुढं कुणी अडवत नव्हतं तरी ते बाहेरच उभे राहायचे, आणि तिला, पोरीला, म्हणायचे, आत लई धूर असतो. आज ती उंबरा काहीच न आठवता ओलांडून आली होती. तिनं पदरानं कपाळ पुसलं. वेटरनं पाण्याचे ग्लास आणून ठेवले. ते अर्धेच भरलेले होते. शहरातही पाणी असं मोजून-मापून, याचं तिला नवल वाटलं आणि थोडा धीरही आला. मग मसाला डोसा आला. ताटलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, एवढा मोठा, एवढा खरपूस, की हा आता फोडायचा कुठून हेच तिला कळेना.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. समोर तो बसला होता. समोरासमोर, एका टेबलाला. चार वर्षांत तिनं त्याला वाढलं होतं, त्याच्या भाकरीवर लक्ष ठेवलं होतं, कालवण संपायच्या आत पळी पुढं केली होती. तो उठल्यावर त्याच्याच ताटात, चुलीच्या आडोशाला, सरजाबाईशेजारी बसून ती जेवली होती. तो जेवताना कसा दिसतो, हे तिनं फक्त वरून बघितलं होतं. डोक्यावरचा भोवरा, मान, कान हलतात ते. आता पहिल्यांदा तिला त्याचं जेवणारं तोंड दिसत होतं. चटणी जिभेला लागली की तो डावा डोळा किंचित मिटत होता. एवढं साधं, आणि चार वर्षं आपल्याला माहीत नव्हतं. आणि आता तो आपल्यालाही बघेल. आपण घास घेताना तोंड केवढं उघडतो, कोण जाणे. आवाज होतो का, कोण जाणे. सरजाबाई कधी काही बोलली नव्हती, पण सरजाबाई तरी जेवताना कुठं कुणाकडं बघते. ती भिंतीकडं बघते.

"खा की. निवूलालंय," तो म्हणाला.

तिनं कडेचा एक तुकडा मोडला. तो कुरकुरला. आतला बटाटा गरम होता, जीभ पोळली. मग दुसरा. मग तिला भूक लागली. आतापर्यंत जणू लागलीच नव्हती. कालपासूनची, परवापासूनची, सगळी भूक एकदम वर आली आणि ती खात सुटली. सांबारात बुडवून, चटणीत बुडवून. मान वर केली तेव्हा तो हातातला घास विसरून तिच्याकडं बघत होता आणि हसत होता.

"काय बघूलालाव?"

"काई न्हाई," तो म्हणाला, आणि वेटरला हाक मारून त्यानं आणखी एक डोसा सांगितला.

तिथून पुढं दुपारभर दोघं गंजगोलाईत हिंडली. मध्ये देऊळ, भोवती गोल दुकानं आणि दुकानांच्या मधून चहूकडं फुटलेले रस्ते. एका रस्त्याला सगळी कापडं, एकाला लोखंड, एकाला गूळ. ऊन असं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या, तरी पंचशीला थकत नव्हती. रामकिशनच मध्येमध्ये सावलीला थांबत होता. रसवंतीच्या चरकाची घुंगरं वाजत होती, तिथं त्यांनी रस घेतला, बर्फाचे खडे दातांना लागेपर्यंत. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना दुपारी तिला डोळ्यांपुढं पिवळं दिसायचं. आज त्याच उन्हात सगळं लाल, हिरवं, चकचकीत दिसत होतं. तिनं केसांचे चाप घेतले, ते पिशवीत न टाकता तिथंच आरशात बघून लावले. त्याच्यासाठी तिनं बनियन निवडलं, मापाला हातात ताणून बघितलं. खांद्याचं माप तिला पाठ होतं. आणि प्रत्येक वस्तू घेताना ती मनात खोलीत ठेवून बघत होती. आरसा खिडकीजवळ. केरसुणी दाराआड. दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खोली तिनं अजून बघितलीच नव्हती, तरी ती तिच्यात राहायला गेली होती. कुठं मध्येच, एखाद्या दुकानाच्या पायरीवर, ती थबकायची. इतका आनंद कशाचा होतोय, आपल्याला अजून कुणी काही सांगितलेलंही नाही. मग ती पुढच्या दुकानाकडं बोट दाखवायची.

भांड्यांच्या दुकानात गुरुपादप्पा नावाचा म्हातारा मालक गादीवर बसला होता. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात पंखा. त्यानं दोघांकडं बघून विचारलं, "नवा संसार का?" रामकिशन टांगलेल्या पळ्यांकडं बघायला लागला. पंचशीलाला हसू आलं. ती पुढं सरली. वातीचा स्टो तिनं हलवून, वाती वर-खाली करून घेतला. तवा बोटांनी वाजवून घेतला. घागर उन्हात नेऊन आतून बघितली, कुठं झिरपायची जागा आहे का. गुरुपादप्पा तिचं बघणं बघत होता आणि दर वेळी आधीच्यापेक्षा बरी वस्तू खालून काढत होता. पातेलं झालं, पळी झाली, परात झाली. मग रामकिशन म्हणाला, "ताट द्या एक. अन गिलास एक."

गुरुपादप्पानं ताट काढलं, स्टीलचं, रुंद काठाचं. "नाव घालू का?"

"घाला. रामकिशन लिंबाजी."

टकटकटकटक, यंत्राची सुई ताटाच्या काठावर नाचायला लागली. पंचशीला त्या सुईकडं बघत राहिली. एक. ताट एक, ग्लास एक. आधी तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरी तरी काय, त्याच्या ताटातच तर आपण जेवतो. म्हणजे इथंही तसंच. तो उठेल, मग आपण. या विचारावर ती क्षणभर उभी राहिली, पाण्यातल्या दगडावर उभं राहावं तशी. मग ग्लास आठवला. ग्लास घरी दोन आहेत. मग आठवली तव्यावरची ती भाकरी, दुसऱ्या बाजूनं पूर्ण भाजून होईस्तोवर सरजाबाई गप्प होती ती. "हाव. ने," म्हणाली, आणि "दोन दिवस" हा शब्द रामकिशनचा होता, पण त्यावर मान सरजाबाईनं हलवली होती. मला काय कळतंय भांड्यातलं, असं म्हणून त्यानं आपल्याला आणलं होतं. ते खरंच होतं. भांडी निवडायलाच आणलं होतं. खडीसाखरेचा खडा तोंडात नव्हताच आता. कधी विरघळला कळलं नाही, नुसती गोडी टाळूला राहिली होती आणि तीही आंबूस व्हायला लागली होती.

सामान पोत्यात बांधून गुरुपादप्पाकडंच ठेवलं. रस्त्यावर आल्यावर रामकिशन फार बोलायला लागला. कचेरीतल्या गोष्टी, नव्या इमारतीचा पाया, साहेबाचा कुत्रा. त्यानं तिला आईस्क्रीम घेऊन दिलं. चपला घ्यायच्या का म्हणाला. बांगड्या बघ म्हणाला. दर वस्तूबरोबर तिला आणखी कळत गेलं. हा माणूस आपल्याला काही देत सुटलाय, कारण काहीतरी देणार नाहीये. आणि विचित्र असं की तिचा उल्हास मावळला नाही. मावळायला हवा होता. तो उलट जास्त टोकदार झाला, छातीत सकाळपासून जे उडत होतं ते आता एका जागी येऊन धडधडायला लागलं. सकाळी नावानं हाक ऐकली होती, त्याच्यासमोर बसून पोटभर खाल्लं होतं. आता मागं जाऊन भिंतीकडं तोंड करून बसणं तिला नुसतं नको वाटत नव्हतं, ते आपल्याला जमेल असंच वाटत नव्हतं.

कापडाच्या दुकानात पांढऱ्याशुभ्र गादीवर दोघं बसली. दुकानातला माणूस पातळामागून पातळ उलगडून फेकत होता. फुलाफुलांचं वायल, शाळेतल्या बाया नेसतात तसं. त्यातलं एक कांद्याच्या पातीसारखं फिकं हिरवं होतं, काठाला बारीक जांभळी फुलं. तिनं ते उचलून मांडीवर घेतलं. ते तिला हवं होतं. इतकं हवं होतं की बोटं त्यात रुतली.

"ताट एकच का घेतलं?" ती म्हणाली.

"हां?"

"ताट. एकच का?"

"आधी पातळ तर बघ."

"पातळ बघूलालेच की. ताटाचं सांगा."

रामकिशननं दुकानदाराकडं बघितलं. दुकानदारानं शहाणपणानं फडताळाकडं तोंड फिरवलं. "मायला जबान दिली मी," रामकिशन हळू म्हणाला. "पाऊस पडेस्तोवर तू तिकडंच."

"अन पाऊस पडल्यावर?"

"मग पेरणी असती."

"अन पेरणी झाल्यावर?"

तो पातळाच्या काठावरचं एक फूल नखानं टोकरत राहिला.

"मायनं जबान मागितली का?"

"न्हाई. तिचं तोंड बघून दिली." मग तो म्हणाला, "तू हितं आलीस की मी शनवारी जायचो न्हाई, असं वाटतंय तिला. बोलत न्हाई, पण वाटतंय."

"अन तुमाला काय वाटतंय?"

चार वर्षांत हे तिनं त्याला कधी विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंही नव्हतं. तो तिच्याकडं बघायला लागला, हॉटेलात बघत होता तसा. "मला," तो म्हणाला, आणि थांबला. "मला खानावळीत बसलो की घास जात न्हाई. हे तुला मालूम न्हाई."

नव्हतं मालूम. शनिवारी तो भुकेला का असायचा, हे तिला कधी कळलं नव्हतं; दोन भाकरी जास्त थापायच्या एवढंच कळलं होतं. तिला एकदम त्याची दया आली, स्वतःचीही आली आणि तिघांत सर्वांत जास्त, चुलीपुढं बसलेल्या त्या म्हातारीची, जिनं तोंडानं काहीच मागितलं नव्हतं. पण दया आली म्हणून ती हटली नाही.

"मग सांगा मायला तसं."

"पातळ बांधू का बाई?" दुकानदार वळून म्हणाला.

"बांधा," पंचशीला म्हणाली. आणि रामकिशनला म्हणाली, "अन ताट बी घ्यायचं. दोन्ही पायजे मला."

रामकिशन हसला. असा हसला, जणू कुणी त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला हात लावलाय, अजून उतरवलेलं नाही.

गुरुपादप्पानं पहिल्या ताटाच्या जोडीचं ताट शोधून काढलं, काठाला काठ लावून दाखवला. "ह्याच्यावर नाव?"

पंचशीलानं ताट हातात धरलं. त्यात तिचं तोंड दिसत होतं, पसरट, नवीन चापांसकट. "नको," ती म्हणाली. "कोरंच राहू द्या. कुणी बी जेवंल त्यात."

संध्याकाळी खोरी गल्लीतल्या खोलीत सामान लागलं. आरसा खिडकीजवळ नाही लावता आला, खिडकीच नव्हती. वर एक झरोका होता, त्यातून तिरका उजेड यायचा. सरजाबाईच्या भाकरी कडक झाल्या होत्या. त्या मोडून, ठेच्याला लावून, दोघांनी एकाच वेळी खाल्ल्या. दोनदा ती सवयीनं उठायला गेली आणि दोनदा तिला कळलं की आणून वाढायचं काही उरलेलं नाही, सगळं समोरच आहे.

रविवारी दुपारच्या बसनं दोघांनी परत जायचं ठरलं होतं. स्टँडवर बस लागली तेव्हा रामकिशननं खाली बघितलं. "तुझी पिशवी कुठाय?"

"खोलीत."

त्यानं हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कंडक्टरनं दार वाजवलं. "एकटी राहशील?" त्यानं विचारलं.

"पार्वतम्मा हायत की घरमालकीण."

"मायला काय सांगू?"

"सुनबाईच ऐकली न्हाई म्हना. चालंल मला."

"न्हाई," तो म्हणाला. "मी सांगतो. माझ्या तोंडानं सांगतो." आणि तो चढला. खिडकीतून त्यानं हात केला नाही, नुसता बघत राहिला, बस वळेपर्यंत.

बस गेल्यावर ती स्टँडवर एकटी उरली. अनोळखी शहर, माहेर नाही, सासर नाही, जवळ एक किल्ली. ती चालायला लागली. दोनदा रस्ता चुकली, एका बाईला विचारलं, एका पानवाल्याला विचारलं. भीती होती, पण आत अशी काही उकळी फुटत होती की भीतीलाही तिची ऊब लागत होती. खोलीवर येऊन कुलूप काढते तोच पार्वतम्मा अंगणातून म्हणाली, "टँकर आलाय गल्लीत. माणशी एक घागर मिळते. तुमची किती माणसं सांगू?"

"दोन," पंचशीला म्हणाली.

शब्द तोंडातून सहज गेला. रांगेत उभी राहून तिनं दोन घागरी आणल्या, एकदा एक, एकदा एक. घागर कमरेवर ठेवते न ठेवते तोच घर आलं. गावात विहिरीपासून घरापर्यंत दोनदा टेकायला लागायचं. आता तिथं सरजाबाई एकटी वाकत असेल, दोर ओढत असेल. किंवा आता तो पोचला असेल, आणि पायावर पाणी घेत असेल, आणि म्हणत असेल, माय, ऐक. तिला बसवेना. तिनं स्टो पुसला, पुन्हा पुसला. नवं पातळ नेसलं, आरशात बघितलं, सोडलं. आपण कुणाचं काही हिसकावून घेतलं का? हा विचार येत होता आणि जात होता, आणि दर वेळी गेला की मागं तोच निर्लज्ज, लहान पोरीसारखा आनंद उरत होता. तो घालवायचा तिनं थोडा प्रयत्न करून बघितला. मग सोडून दिला.

सोमवारी उन्हं चढल्यावर दार वाजलं. रामकिशन सरळ स्टँडवरून आला होता, कचेरीला उशीर करून. खांद्यावर अर्धं पोतं होतं. ते खाली ठेवून तो भिंतीला टेकून बसला. तिनं पाणी दिलं. ती समोरच बसली.

"मायनं आधी सगळं ऐकून घेतलं," तो म्हणाला. "जेवली. हात धुतला. मग म्हनली, मला मालूमच व्हतं. सुनबाई शनवारी निघाली तवा मागं वळून बघितलं न्हाई तिनं."

पंचशीलाला आठवेना, आपण बघितलं होतं की नाही. बहुतेक नव्हतं. पुढं बस उभी होती.

"रागावल्या?"

"रडली थोडी. मी बी." त्यानं ग्लास खाली ठेवला. "पहाटं बघतो तर कणगीत वाकलेली. म्हनली, रेशनचा गहू तिच्या पोटाला सोसत न्हाई, ही ज्वारी ने. अन म्हनली, तुमी दर शनवारी यायची कसरत करू नका. येका शनवारी मीच येते. मला बी बघू दे म्हनली, तिथं एवढं काय हाय."

गहू सोसत नाही, हे पंचशीलानं सासरी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. भिंतीकडं तोंड करून जेवणाऱ्या बाईनं ते कधी बघून ठेवलं होतं, कुणास ठाऊक.

"जातो मी," रामकिशन उठत म्हणाला. "साहेब बोंबलत असंल."

"जेवून जावा. दळून आणते, लांब न्हाई गिरणी."

किती दळायची याचा अंदाज घ्यायला तिनं पोत्याचं तोंड सोडलं आणि हात आत घातला. पोतं बसच्या टपावरून आलं होतं. वरून खालपर्यंत ज्वारी तापली होती, नुकती भाजल्यासारखी. हात कोपरापर्यंत आत गेला. अंदाज घ्यायचा राहूनच गेला, आणि ती तशीच बसली, ऊबेत हात ठेवून.